सिस्टरांच्या शेवटच्या आजारात सोबत कशी करावी?

पलासिया_इंदूर
शेजारच्या कॉन्व्हेंटमधल्या मराठी सिस्टर, वय 76, स्वादुपिंडाचा कॅन्सर. उपचार थांबवलेत, आता फक्त आराम. घरात पाच जणी, त्यातल्या दोघी शाळेत शिकवतात. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलंय, पण सिस्टर घेत नाहीत. "दुखणं येशूला अर्पण करीन" म्हणतात. ख्रिस्तशरीर (मिस्सा या उपासनेतली पवित्र भाकर) घेताना ठसका लागतो. आणि खोलीत सगळ्या रडवेल्या बसतात, ते त्यांना सोसवत नाही. काय करावं?

शुश्रूषा_ताई
आधी मॉर्फिनचं. कळवळणाऱ्या माणसाला एक "हे आमच्या स्वर्गातील बापा" धड म्हणता येत नाही, मग अर्पण कशाचं करणार? वेदनाशामक घ्यायला चर्चची हरकत नाही, हे पोप पायस बारावे यांनी 1957 मध्येच डॉक्टरांना सांगितलं होतं. फादरांकडून हे त्यांच्या कानावर घाला. तरीही थोडं दुखणं स्वेच्छेनं सोसायचं म्हटलं तर तो त्यांचा निर्णय. दुसऱ्या कुणी तो त्यांच्यावर लादू नये.

मात्रा डॉक्टर ठरवतील. मॉर्फिनची साधी गोळी दर 4 तासांनी, घड्याळ बघून द्यायची. दुखू लागल्यावर देत बसलात तर वेदना पुढे आणि गोळी मागे. बरेच डॉक्टर रात्री 10 ला दुप्पट देतात, म्हणजे 2 वाजता उठवावं लागत नाही, त्यांना विचारा. पोट साफ होण्याची गोळी पहिल्या दिवसापासूनच हवी. मळमळ चार-पाच दिवसांत बहुधा ओसरते, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. सुरुवातीला दोन-तीन दिवस झोप येते. साठलेलं जागरण असतं ते, घाबरू नका. अंग झटके देऊ लागलं किंवा भ्रम झाला तर मूत्रपिंडं थकल्यानं औषध साठलेलं असू शकतं, लगेच फोन करा. गोळ्या कुलपात ठेवा, वहीत मोजून लिहा. चार दिवसांच्या उरल्या की पुढच्या आणा, कारण हे औषध प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही.

कुशीवर साधारण 30 अंश कलवून, दर 2 तासांनी कूस बदला. हवेच्या गादीचा पंप इन्व्हर्टरवर घ्या. उन्हाळ्यात लाईट गेली की गादी बसते आणि माकडहाडापाशी जखम सुरू होते.

वाटेची_शिदोरी
पवित्र तेल लावण्याचा संस्कार शेवटच्या घटकेसाठी राखू नका. तो फादरच देऊ शकतात, आणि पापनिवेदनाला बोलता यायला हवं. तेल कपाळाला आणि हातांना लावतात. प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हा घेता येतो.

ठसक्याबद्दल: डोकं उंच, हनुवटी किंचित छातीकडे. आधी चमचाभर पाणी देऊन बघा. ते नीट उतरलं तर ख्रिस्तशरीराचा मसुराच्या दाण्याएवढा तुकडा चमच्यात पाण्याबरोबर द्या, मग गालात अडकला नाही ना ते पाहा. पाण्यानंच ठसका लागला तर फक्त पवित्र द्राक्षारसाचा थेंब चालतो. फादरांना आदल्या दिवशी कळवा. ख्रिस्तशरीर घेण्याआधी एक तास उपास करायचा नियम आजाऱ्याला नाही, सोबत करणाऱ्यांनाही नाही. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती मुळीच नको.

बडोद्याहून
खोलीतल्या रडवेल्या चेहऱ्यांचं सांगते. हसरे चेहरे करून बसू नका. त्यांना ते लगेच कळतं. त्यांना कॉन्व्हेंटच्या दिवसात सामील ठेवा. शाळेतून आलेल्या दोघींनी वर्गातली गंमत आधी त्यांना सांगावी. सिस्टर होताना घेतलेल्या व्रतांचं नूतनीकरण करायची इच्छा असेल तर सगळ्याजणी पलंगाभोवती जमून करा. अंत्यविधीच्या मिस्साची गाणी त्यांनाच निवडू द्या. बोलता येतंय तोवरच विचारा, पुष्कळदा हे राहून जातं.

प्रार्थना लहान ठेवा: अख्ख्या जपमाळेऐवजी दहा "नमो मरिया", एखादं स्तोत्र. तिकडे रोजची प्रार्थना हिंदीत होत असेल, पण दमलेल्या माणसाला लहानपणची भाषा जवळची वाटते. मराठी प्रार्थना मोठ्या अक्षरांत लिहून उशाशी ठेवा. 1995 साली मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मारियांना इंदूरमध्येच 2017 साली धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्यांची समाधी उदयनगरला. एखादी बहीण तिथे जाऊन येणार असेल तर तिनं सिस्टरांचा निरोप तिथे पोचवावा.

घास भरवायचा आग्रह नको. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून कापसानं तोंड ओलं करत राहा. शेवटी घशात घरघर झाली तर कुशीवर वळवा आणि डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल विचारा. तो आवाज ऐकणाऱ्यांना जास्त त्रास देतो, सिस्टरांना बहुधा नाही. ऐकू शेवटपर्यंत येऊ शकतं, म्हणून खोलीत कुजबुज नको, नाव घेऊन बोला. रात्री एकीनंच हात धरून बसावं, बाकीच्यांनी झोपावं. सकाळी पाळी बदलते तेव्हा वही आणि गोळ्यांची किल्ली हातोहात द्या.