पेटवल्यावर मेणबत्तीचा वास का येत नाही?

पानगळ:
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत भेट द्यायला यंदा सुगंधी मेणबत्त्या घरीच करायच्या आहेत. नमुना म्हणून सोया वॅक्सची (सोयाबीन तेलापासून केलेल्या मेणाची) एक करून पाहिली, रुंद तोंडाच्या काचेच्या ग्लासात. मेण २०० ग्रॅम, दालचिनी-संत्र्याचं फ्रॅग्रन्स ऑइल १६ ग्रॅम. नाकाशी धरली की वास मस्त येतो, पण पेटवली की खोलीत काहीच नाही. ज्योतीभोवती खड्डा पडत जातो आणि काठाला जाड मेण तसंच राहतं. तेल वाढवू का? वरून दालचिनीच्या काड्या आणि संत्र्याच्या वाळलेल्या चकत्या खोचायचंही मनात आहे. घरात मांजर आहे, तेही सांगून ठेवते.

उजेडकर:
तेल वाढवू नका, पानगळताई. २०० ग्रॅमला १६ म्हणजे ८ टक्के, तेवढं भरपूर झालं. सोया वॅक्स साधारण ६ ते १० टक्के तेल धरून ठेवतं. त्याच्या वर गेलात की तेल मेणाला घाम फुटल्यासारखं वर सुटतं, वातीत शिरतं आणि काजळी धरते.

अडचण वातीची आहे. ज्योतीत जे तेल जातं ते जळून जातं. खोलीत दरवळतो तो ज्योतीभोवती वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून उडणारा वास. तुमच्याकडे काठाला मेण राहतंय, म्हणजे तळंच लहान पडतंय. ग्लासाच्या मानाने वात बारीक आहे.

वात मेण वर ओढते, त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. मेणबत्ती विझवल्याबरोबर पांढऱ्या धुराची जी रेघ निघते, तिला वातीपासून थोडं वर पेटती काडी लावून बघा. ज्योत धुरावरून सर्रकन खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यांत हे करून दाखवलं होतं. मला आजही ते बघताना तितकंच नवल वाटतं. वात किती जाड, यावर किती मेण वर चढणार, किती उष्णता होणार आणि तळं किती पसरणार हे सगळं ठरतं.

म्हणून ग्लासाचा आतला व्यास मोजा आणि वात विकणाऱ्याच्या तक्त्यात त्या व्यासाला कोणती चालते ते बघा. तीच आणि तिच्या मागची-पुढची अशा तीन वाती एकाच मापाच्या ग्लासांत लावून पेटवा. व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण तासभर, या हिशोबाने तळं काठाला टेकायला हवं. लवकर टेकलं, ज्योत नाचायला लागली, वातीच्या टोकाला काळा गोळा धरला, तर वात जाड झाली. ग्लास फारच रुंद असेल तर मधे एक जाड वात घालण्यापेक्षा दोन बारीक वाती बऱ्या.

तेल घालताना मेण साधारण ८० अंश सेल्सियसला असू द्या आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा. खसाखसा फेटू नका, हवेचे बुडबुडे शिरतात. ५५-६० अंशांवर आलं की ओता. प्रत्येक मेणाचं थोडं वेगळं असतं, पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर ते खरं. थंडीत ग्लास आधी कोमट करून घ्या, नाहीतर मेण काचेपासून सुटून डाग दिसतात. ओतल्यावर झाकून दोन आठवडे ठेवा. सोयात वास मुरायला वेळ लागतो, तेव्हा तारखा उलट्या मोजून आत्ताच कामाला लागा.

गोधडी:
उजेडकरांशी सहमत. काड्या आणि चकत्या मात्र मेणात अजिबात खोचू नका. त्या वातीसारख्याच पेट घेतात आणि काच तडकू शकते. सजावट हवीच तर झाकणावर सुतळीने बांधा, पेटवताना झाकणाबरोबर ती बाजूला होते. दालचिनीची पूडही नको, वातीची वाट बुजते.

मांजराचं म्हणाल तर दालचिनी आणि संत्र्याची तेलं त्यांना सोसत नाहीत, त्यांच्या यकृताला असे घटक नीट निपटता येत नाहीत. मेणबत्ती लावलेल्या खोलीत त्याला घेऊ नका, खिडकी थोडी उघडी ठेवा आणि तेलाची बाटली कपाटात.

पानगळ:
खूप आभार दोघांचे! खोचायचा बेत रद्द. आता ही खड्डा पडलेली मेणबत्ती टाकून देऊ का?

उजेडकर:
टाकू कशाला? ग्लासाच्या तोंडावर फॉइलचं कडं बसवा, मधे ज्योतीपुरतं मोठं भोक ठेवा आणि पेटवून समोर बसून राहा. उष्णता काठाकडे वळते आणि मेण सपाट होतं. फॉइल तापतं, हात लावू नका. पण वात बारीकच असल्याने पुन्हा खड्डा पडेल. त्यापेक्षा मेण काढून, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा आणि नव्या वातीवर ओता.

मेणाचं भांडं थेट आचेवर ठेवू नका आणि सोडून जाऊ नका. मेणाने पेट घेतलाच तर आच बंद करून झाकण टाका. पाणी कधीच नाही, भडका उडतो.

आणि भेटीबरोबर चिठ्ठी द्या: दर वेळी वात ५ मिलिमीटरपर्यंत कापा, पहिल्यांदा तळं काठाला टेकेपर्यंत विझवू नका, सलग चार तासांपेक्षा जास्त जाळू नका, तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबा.