नकाशातल्या जाहिरातींवर घाटरस्ता?
गोव्यातून चोर्ला घाटात जाणारा साखळी-केरी-चोर्ला रस्ता निसर्गमार्ग म्हणून जाहीर करावा आणि फलकांचा खर्च पर्यटक-नकाशातल्या जाहिरातींतून काढावा, अशी एक कल्पना मांडली गेलीय; ती पटली. पण जाहिरात देणार कोण? कळंगुटची हॉटेलं देतील, आणि नकाशा पुन्हा किनाऱ्यालाच चिकटेल. माझ्या गाडीत असा एक फुकटचा नकाशा पडलाय. हरवळ्याचा धबधबा जिथे हवा, तिथे कॅसिनोची चौकट; अंजुणे धरण तर घडीतच गेलंय!

केरीतल्या खानावळीला, काजूवाल्याला परवडेल अशी छोटी चौकट ठेवा. पैसे वर्षाचे एकदम नकोत, हंगामाचे घ्या. पावसाळ्याचा दर थोडा चढा चालेल, घाटात गर्दी तेव्हाच. रस्त्यावरचे फलक मात्र जाहिरातीविना असू देत. धुक्यात आधी वळण दिसू दे, फेणी नंतर.