‘अफोर्डन्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नमस्कार. माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास, म्हणजे एचसीआय, या विषयावर डिप्लोमाच्या मुलांसाठी मी मराठीत एक पाठ लिहितो आहे. ‘इंटरफेस’, ‘स्क्रीन’, ‘कर्सर’ तसेच ठेवलेत, मुलं दिवसभर तेच बोलतात. अडलोय ‘अफोर्डन्स’पाशी. कोशातलं ‘परवडणे’ इथे उपयोगाचं नाही. वस्तू बघताक्षणी तिचं काय करता येईल ते कळतं, तो गुण, असं मी समजतो. ‘क्रियासूचकता’ चालेल का?

प्रतिसाद १

सर, ‘क्रियासूचकता’ घेऊ नका, अशी कळकळीची विनंती. शब्द नेटका आहे, पण तो भलत्याच संकल्पनेच्या जागेवर जाऊन बसतो. पुढच्या पाठात ती संकल्पना आली की तुमची पंचाईत होईल.

‘अफोर्डन्स’ हा शब्द घडवला जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. त्याच्या १९७९ सालच्या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी आहे. गुडघ्याएवढ्या उंचीवरचा सपाट, टणक पृष्ठभाग बसायला चालतो, असं तो सांगतो. पण कोणाच्या गुडघ्याएवढ्या? बापाला बसायला बरा पडणारा कट्टा पोराच्या छातीला लागतो. म्हणजे हा गुण एकट्या कट्ट्यात नाही आणि एकट्या माणसातही नाही, तो दोघांच्या मेळात आहे. शिवाय तो कोणाच्या लक्षात आला नाही तरी असतोच. तुमच्या व्याख्येत ‘बघताक्षणी कळतं’ आहे, तिथेच घोटाळा होतो.

आता आपली मराठी ऐका. ‘बसण्याजोगा दगड’, ‘पेलण्याजोगं ओझं’, ‘धरण्याजोगी फांदी’. संस्कृतातलं ‘योग्य’ प्राकृतात ‘जोग्ग’ झालं आणि आपल्याकडे ‘जोगा’. गंमत अशी की हा प्रत्यय माणसालाही लागतो: ‘माझ्याजोगं काही काम असेल तर सांगा.’ वस्तू, क्रिया आणि करणारा, तिघांना बांधणारं रूप आपल्या तोंडी रोज आहे. म्हणून माझा शब्द ‘जोगेपण’. कट्ट्याचं बसण्याजोगेपण, बटणाचं दाबण्याजोगेपण.

प्रतिसाद २

ताई, शब्द आवडला, पण एक शंका. ‘पाहण्याजोगं ठिकाण’ म्हणजे पाहता येईल असं नव्हे, पाहायलाच हवं असं. ‘सांगण्याजोगं काही नाही’ म्हणजे सांगता येत नाही असं नव्हे. ‘जोगा’मध्ये लायकी आहे, शक्यता नाही. मुलांचा गोंधळ होणार नाही का?

प्रतिसाद ३

शंका अगदी रास्त आहे, तिच्यावर मी बराच विचार केला. ‘वाचण्याजोगं पुस्तक’ आणि ‘वाचण्याजोगं अक्षर’ शेजारी ठेवून बघा. पहिल्यात लायकी आहे, दुसऱ्यात निव्वळ शक्यता: अक्षर लागतंय, वाचता येतंय. हाताने करायच्या क्रिया आल्या की दुसरा अर्थच पुढे येतो. ‘उचलण्याजोगा दगड’ ऐकून कोणी ‘वा, कसला थोर दगड!’ असं समजत नाही. ‘उचलता येईल इतपत’ असंच समजतो. स्क्रीनवरच्या क्रियाही दाबणं, ओढणं, सरकवणं अशाच, हाताच्या. त्यामुळे गोंधळाची भीती मला वाटत नाही. ‘सारखा’ लावूनही हेच बोलतात, ‘बसण्यासारखी जागा’, पण त्यातून नाम नीट निघत नाही.

आता ती दुसरी संकल्पना. ‘अफोर्डन्स’ डिझाइनच्या जगात रुळवला डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी संशोधकाने, १९८८ सालच्या पुस्तकातून. त्याचं दाराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. ढकलायच्या दारालाही धरायची दांडी बसवली की माणूस ते ओढतोच, मग वर ‘ढकला’ची पाटी लावावी लागते. पुढे डिझाइनर मंडळी ‘मी स्क्रीनवर एक अफोर्डन्स टाकला’ असं म्हणायला लागली. नॉर्मनला ते खटकलं आणि २००८ मध्ये त्याने ‘सिग्निफायर’ हा वेगळा शब्द पुढे केला. काय करता येतं हे एक, ते करता येतं हे दाखवणारं चिन्ह हे दुसरं. सर, तुमची ‘क्रियासूचकता’ या दुसऱ्याची आहे. आणि त्याला तर आपला साधा शब्द आहे: खूण.

हा फरक मला आईच्या फोनमुळे कळला. तिच्या नव्या फोनवर कॉल आला की खाली हिरवं वर्तुळ उमटतं, आत रिसीव्हरचं चित्र. फोन उचलायला ते वर सरकवायचं. आई त्यावर अंगठा रोवून, ओठ आवळून जोरात दाबते. रिंग वाजत राहते, पलीकडे मामा कंटाळून ठेवतो. मी सांगायला गेले तर म्हणाली, ‘बटण आहे ना ते? मग दाबतेच आहे की मी.’ तिचं शंभर टक्के बरोबर होतं. जोगेपण सरकवण्याचं आणि खूण दाबण्याची. विल्यम गेव्हर या संशोधकाने १९९१ मध्ये याची फोड केली होती, ती मराठीत सहज उतरते: दिसतं जोगेपण, लपलेलं जोगेपण, फसवं जोगेपण. आईच्या अंगठ्याखाली एकाच वर्तुळात दुसरं आणि तिसरं दोन्ही होती. आणि चूक मात्र तिच्याच माथी, ‘तुम्हाला फोन वापरता येत नाही’!

मुलांना समजवायला लांब जायला नको, स्वयंपाकघरात चला. कपाला कान असतो, कढईला दोन कान. धरायच्या जागेला आपण अवयवाचं नाव दिलं आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझाइनर जोडपं १९५८ मध्ये भारत सरकारसाठी डिझाइनविषयी अहवाल लिहायला आलं, तेव्हा त्यांना सगळ्यात भावली वस्तू होती लोटा. पाणी किती मावावं, हात केवढा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, ओतताना तोल कुठे जातो, आतून घासता येतो का, असे प्रश्न त्यांनी एका भांड्याला विचारले. पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, तिच्या मुळाशी हा अहवाल आहे.

मुंबईतलंही एक उदाहरण घ्याच. आयआयटीत अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी केलेला ‘स्वरचक्र’ कीबोर्ड. त्यात ‘क’वर बोट ठेवलं की भोवती चक्र उमलतं: का, कि, की, कु, कू. बोट त्या दिशेला न्यायचं. मात्रा कुठल्या कळीवर दडली आहे ते पाठ करायला नको, बाराखडी आलेल्याला पुढची खूण समोर दिसते. नावही किती चपखल!

प्रतिसाद ४ (मूळ प्रश्नकर्ता)

ताई, फार आभार. ‘जोगेपण’ आणि ‘खूण’, दोन्ही घेतो. शेवटचं एकच. पाठात नव्या संशोधनाचा भाग आहे, तिथे हे शब्द टिकतील?

प्रतिसाद ५

टिकतील असंच वाटतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात हिरोशी इशी यांच्या गटाने ‘इनफॉर्म’ नावाचं टेबल केलं. त्यात ३० बाय ३० अशा ९०० खुंट्या मोटरवर वरखाली होतात. हवं तेव्हा पृष्ठभागातूनच बटण वर येतं, काम झालं की सपाट. इथे लिहा, ‘गरजेप्रमाणे बदलणारं जोगेपण’.

एआयशी गप्पा मारायच्या खिडकीत उलटं आहे. तिथे नुसती रिकामी चौकट आणि लुकलुकणारा कर्सर. जोगेपण अफाट, खूण जवळजवळ नाहीच. काय विचारता येईल हे माणसाला कळावं कसं, यावर सध्या पुष्कळ काम चाललं आहे. नमुन्याचे प्रश्न, बटणं, सरकपट्ट्या पुन्हा आणून बघताहेत.

व्याकरणाचं एक: ‘जोगेपण’ नपुंसकलिंगी, ते जोगेपण. नुसतं ‘जोग’ करायचा मोह टाळा, वाचणाऱ्याला आडनाव वाटेल. आणि जिथे जमेल तिथे नाम न वापरता सरळ ‘हे बटण दाबण्याजोगं दिसत नाही’ असंच लिहा. मुलं वर्गात तसंच म्हणतील.