मदत हवी आहे: पायथनमध्ये लपवलेल्या फाइल वगळूनही यादीत येताहेत

विंडोजवर एका फोल्डरची यादी काढायची आहे, लपवलेल्या आणि सिस्टिम फाइल नकोत. ओएस.लिस्टडिरने नावं घेऊन प्रत्येकावर ओएस.स्टॅट चालवतो. एसटी_फाइल_अ‍ॅट्रिब्यूट्सची (म्हणजे फाइलच्या गुणधर्मांच्या आकड्याची) किंमत २ किंवा ४ असेल तर फाइल सोडायची, अशी अट आहे. तरी डेस्कटॉप.आयएनआय येतेच. किंमत छापली तर ३८! शिवाय फाइल हजारांत असल्या की फार वेळ लागतो.

उत्तर

३८ म्हणजे ३२ + ४ + २: अर्काइव्ह, सिस्टिम आणि हिडन. ही किंमत म्हणजे बिटांची (प्रत्येक गुणधर्माची एकेक खूण) बेरीज आहे, म्हणून == २ ही तुलना फक्त दुसरा कुठलाच बिट नसताना जुळते. साधी लपवलेली फाइलही बहुतेक वेळा ३४ असते. अट अशी हवी:

(गुणधर्म & ६) == ०

६ म्हणजे ४ + २; दोन्हींपैकी एक जरी बिट असला तरी फाइल गाळली जाते. कंस ठेवाच. पायथनमध्ये ते नसले तरी चालतं, पण हीच ओळ सीमध्ये नेली तर तिथे == आधी सुटतं आणि अट गुपचूप चुकते. ६ ऐवजी स्टॅट मोड्यूलमधले तयार स्थिरांक वापरलेत तर सहा महिन्यांनीही कोड वाचता येईल.

वेळेचं कारण लिस्टडिर: नाव मिळतं, गुणधर्मांसाठी प्रत्येक फाइलमागे वेगळी हाक जाते. ओएस.स्कॅनडिर घ्या (३.५ पासून आहे). विंडोज यादीबरोबरच गुणधर्म देतं, त्यामुळे एंट्री.स्टॅट(फॉलो_सिमलिंक्स=फॉल्स) डिस्ककडे पुन्हा जात नाही. फॉल्स लिहायला विसरू नका, नाहीतर सिमलिंकऐवजी (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) ती जिथे नेते त्या फाइलचे गुणधर्म मिळतील.

प्रश्नकर्ता

चाललं, वेगही वाढला. पण ओएस.वॉक (आतल्या फोल्डरांतही फिरणारं फंक्शन) वापरला की लपवलेल्या फोल्डरच्या आतल्या फाइल येतात.

उत्तर

हिडन बिट आतल्या फाइलना वारशाने मिळत नाही. फोल्डर १८ (१६ + २) असला तरी आतली फाइल ३२ असू शकते. म्हणून वॉकला आत जाण्यापासूनच अडवायचं: डर्स[:] = गाळलेली यादी (डर्स म्हणजे वॉक देतो ती आतल्या फोल्डरांची यादी). नुसतं डर्स = लिहिलंत तर नवी यादी बनते, वॉक जुनीच धरून पुढे जातो. टॉपडाउन=फॉल्स दिलं असेल तर ही छाटणी लागूच होत नाही.

हाच कोड लिनक्सवर चालवायचा असेल तर तिथे गुणधर्मांचं हे फील्डच नसतं, अ‍ॅट्रिब्यूटएरर येईल. तिथे नावाची सुरुवात टिंबाने आहे का, तेवढंच तपासा.