मदत हवी आहे: जुन्या पीसीवर चित्रं काढायला कुठलं सॉफ्टवेअर घालू?

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितेय. घरचा पीसी जुना, रॅम ४ जीबी, विंडोज १०. लेकीला कावी चित्रांचं वेड लागलंय, देवळाच्या भिंतीवरची ती तांबडी-पांढरी नक्षी. पेंटमध्ये काढते, पण त्यात लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे वेगवेगळे थर, नाहीत. एक पाकळी बिघडली की अख्खं फूल पुसायचं, मग रुसून बसायचं. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शिवाय अर्धी नक्षी काढली की उरलेली आरशासारखी आपोआप उमटते, म्हणून मन तिकडे ओढतंय. पण ४ जीबीवर रखडेल का? इंकस्केप हे दुसरं सॉफ्टवेअर पाहिलं, पण त्यातलं रेषा काढायचं पेन टूल मलाच जमेना! टक्स पेंट हे मुलांसाठीचं सॉफ्टवेअर तिला ‘बाळांचं’ वाटतं. पेन टॅबलेट आत्ताच घ्यावा की आधी माऊसवर हात बसू द्यावा? वापरणाऱ्यांनीच सांगा, दुकानदार नवा कॉम्प्युटरच घ्या म्हणतो.