शाळेत वंशावरून गटागटांत मारामाऱ्या: पालकांनी नेमकं काय करायचं?

रानजाई

मुलगा नववीत आहे. शाळेत तऱ्हेतऱ्हेच्या वंशांची मुलं आहेत. आधी सगळी मिसळून असायची, या वर्षी मात्र डबा खायची टेबलंसुद्धा वाटली गेलीत. गेल्या आठवड्यात जिन्यात दोन गट भिडले, एकाच्या ओठाला टाके पडले. माझा मुलगा मारामारीत नव्हता, पण त्याच्या फोनमध्ये व्हिडिओ आहे आणि वर्गाच्या ग्रुपवर तो फिरतोय. शाळेने दोन्हीकडच्या मुलांना सरसकट पाच दिवस घरी बसवलं आणि सभागृहात 'आपण सारे एक' छापाचा कार्यक्रम उरकला. मुलगा म्हणतो, "आई, सोमवारी परत होणारे, सगळ्यांना माहितीये."

त्याला सोमवारी पाठवू का? व्हिडिओ डिलीट करायला लावू का? आणि त्याचा जवळचा मित्र 'त्यांच्यातला' आहे, त्याच्याशी याने बोलणंच टाकलंय. नवरा म्हणतो, आपण बाहेरून आलेले, आपण कशाला मध्ये पडायचं.

सडाफटिंग

शाळा बदला. नसते उपद्व्याप.

मास्तरीण

सडाफटिंग, शाळा बदलून मुलगा बदलीच्या शाळेतही कुठल्या तरी टेबलावर बसणारच आहे ना?

रानजाई, मी वर्षानुवर्षं अशाच शाळांमध्ये शिकवलंय. आधी सोमवारचं बघू. आजच शाळेला लेखी कळवा: कुठे, कधी, काय ऐकलं. मुलाचं नाव घालू नका, 'मुलांमध्ये बोललं जातंय' एवढं पुरे. पुढची मारामारी कुठे होणार हे मुलांना आधी ठाऊक असतं आणि शिक्षक त्या वेळी वर्गात फळा पुसत असतात. जिना, स्वच्छतागृह, बसची रांग, या तीन जागी मोठी माणसं उभी करा म्हणावं. कोण उभं राहणार ते त्यांनी लेखी सांगितलं, तर पाठवा. नुसतंच 'आम्ही लक्ष ठेवू' असं उत्तर आलं, तर त्या दिवशी घरी ठेवलात म्हणून काही बिघडत नाही.

व्हिडिओ डिलीट करू नका, पण पुढे एकालाही पाठवू देऊ नका. एक प्रत मुख्याध्यापकांकडे द्या. मार खाल्लेला मुलगा एकदा मार खाऊन कदाचित गप्प बसला असता. अख्ख्या शाळेने पाहिल्यावर त्याला गप्प बसताच येत नाही. सोमवारची तयारी झालीय ती त्या ग्रुपवर.

आता खरा मुद्दा. ही दोन गटांची मारामारी आहे, की एका गटाची रोजची शिकार आहे? शाळेला हा प्रश्न आवडत नाही, कारण दोघांना सारखी शिक्षा दिली की फाइल बंद होते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. तास संपायच्या पाच मिनिटं आधी तो दप्तर भरून ठेवायचा, एका खांद्याला अडकवून, बाकाच्या कडेवर बसायचा. घंटा झाली की सुटायचा. पाणी प्यायलाही एकटा जायचा नाही. त्याने शेवटी एकाला बुक्की मारली तेव्हा नोंदवहीत काय लिहिलं गेलं असेल? 'दोन विद्यार्थ्यांमध्ये झटापट.'

फिलाडेल्फियाच्या साउथ फिलाडेल्फिया हायस्कूलमध्ये डिसेंबर २००९ मध्ये एकाच दिवसात कितीतरी आशियाई विद्यार्थ्यांना मारहाण झाली. तक्रारी त्याआधीपासून होत्या. मग त्या मुलांनीच आठवडाभर शाळेवर बहिष्कार टाकला आणि सगळं ऐरणीवर आलं. प्रकरण अमेरिकेच्या न्याय विभागापर्यंत गेलं, २०१० च्या डिसेंबरमध्ये शाळा प्रशासनाला समझोता करावा लागला. तेव्हा तारखा लिहून ठेवा. कोण, कुठे, काय शब्द वापरले, कोणत्या शिक्षकाला सांगितलं. साधी वही चालेल.

राहिला तो कार्यक्रम. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या एका शिबिरात प्रयोग म्हणून २२ मुलांचे दोन गट केले. सगळी गोरी, सुस्थितीतल्या घरांतली, एकमेकांना अनोळखी. स्पर्धा लावल्या आणि थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर अन्न फेकून मारलं! पाणी बंद पडलं, सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला, अशा कामांतून ती हळूहळू निवळली. सभागृहात शेजारी बसवून काही होत नाही. दुसरे मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्याच ऑस्टिनच्या, वेगवेगळ्या वंशांची मुलं नव्याने एकत्र आलेल्या शाळांत धडाच तुकड्यांत वाटला. प्रत्येकाकडे एकच तुकडा, त्यामुळे न आवडणाऱ्या मुलाचंही ऐकावंच लागे. शाळेकडे मागायचंच, तर असं काही मागा.

तर्कट

बाई, बाकी सगळ्याला +१, पण शेरीफचं अर्धंच सांगितलंत. १९५३ मध्ये त्याने असाच प्रयोग केला होता, तो फसला. मुलांची आधी ओळख झालेली होती, त्यांनी भांडायलाच नकार दिला आणि आपल्याला ही मोठी माणसंच झुंजवतायत हे ओळखलं. म्हणजे १९५४ ला आग लावायला माणसं होतीच. रानजाईंच्या शाळेत ती कोण, हे बघा.

मास्तरीण

बरोबर आहे, आणि माझ्याच बाजूचं आहे. आधी ओळख असलेली मुलं भांडली नाहीत, हाच त्यातला ऐकण्यासारखा भाग. त्या दोन मित्रांची ओळख जुनी आहे, म्हणून ती तोडू नका.

गप्पिष्ट_बाप

माझा मुलगा 'घरी बसवलेल्यां'पैकी होता, दुसऱ्या शाळेत. पाच दिवस मी कामावर, तो फोनवर, आणि दिवसभर सोबतीला त्याचाच गट. गेला त्यापेक्षा कडवट होऊन परत आला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये म्हटलंच होतं की सरसकट कठोर शिक्षेच्या धोरणाने शाळा सुरक्षित झाल्याचं दिसत नाही.

दुसरं, थोडं टोचेल. जेवताना आपण 'त्या लोकां'बद्दल काय बोलतो? आमच्याकडे आजोबांपासून सगळे रंगावरून शेरे मारायचे, हसत हसत. मुलाने ग्रुपवर टाकलेले मेसेज वाचले, तर तेच शेरे, नुसते दुसऱ्या भाषेत.

रानजाई

ईमेल केला. उत्तर आलं: जिन्यात दोन शिक्षक, बसपाशी उपमुख्याध्यापिका. स्वच्छतागृहाबद्दल गप्प, पुन्हा विचारलंय. पाठवतेय. व्हिडिओ दिला, ग्रुपमधून बाहेर पड म्हटलं तर मुलगा म्हणतो, "बाहेर पडलो तर कळणार कसं काय ठरतंय ते?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, ग्रुप म्यूट करण्यावर तडजोड झाली.

नवरा 'मध्ये पडायचं नाही'वर ठाम. मी बुधवारी शाळेत भेटायला जाणार आहे. त्या मित्राच्या आईला सोबत नेऊ का? आमची ओळख फाटकाशी हाय-हॅलोपुरती.

मास्तरीण

न्या, पण आधी फोन करून तिचं ऐकून घ्या. तुमच्या मुलाने बोलणं टाकलं हे तिला कळलेलं असेल, आणि तिची यादी तुमच्याहून लांब असू शकते. बैठकीत तिला आधी बोलू द्या.