मदत हवी आहे: ४,२९,४९,६७,२९७ चे विभाजक ६४च्या पटीपेक्षा १ नेच जास्त का?

नमस्कार मंडळी. ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. २ च्या १, २, ४, ८, १६व्या घातात १ मिळवला की येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्या, म्हणून ही पुढचीही मूळच असणार असं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने दाखवलं की ती ६४१ × ६७,००,४१७ आहे. आणि तेही हातानं!

त्याची युक्ती फार देखणी आहे. विभाजक ६४ने भागला की बाकी १च उरते. मग १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी मूळ संख्या थेट ६४१. एवढंच तपासायचं.

माझं घोडं अडलंय ते इथे. मूळ विभाजक प मानला, तर प ने भागल्यावर २ च्या ३२व्या घाताची बाकी -१ येते, ६४व्याची १, म्हणजे बाक्यांचं चक्र ६४चं. इथवर ठीक. पण ६४ने (प - १)ला नि:शेष भाग जायलाच हवा, हे कशावरून? भाची नववीत आहे, तिला पटेल असं समजावायचंय. ‘ग्रुप थिअरी’ (कॉलेजातलं अमूर्त बीजगणित) न आणता, ५ किंवा १७ सारख्या छोट्या संख्येवर कुणी करून दाखवेल का?